उजवीकडच्या पेशी

त्रिएस्तेच्या डोक्यावर, चुनखडीच्या माळावर
बांगडीसारखी गोल एक इमारत आहे.
आत इलेक्ट्रॉन धावतात, थांबायची सोय नाही,
आणि प्रत्येक वळणावर थोडा उजेड सांडतो.
तो सांडलेला उजेड ओंजळीत धरायचा
ही माझी नोकरी.
तेवीस वर्षं झाली.

झोर्का ल्युब्ल्यानाहून आली ती कोटाच्या आत,
पोटाशी डबा धरून.
डब्यात माणसाच्या फुप्फुसातल्या पेशी.
गारठा सोसत नाही त्यांना, म्हणाली.
तिला मिळालेले तास बहात्तर.
त्यातले अकरा यंत्र रुसण्यातच गेले.

रंग द्यायचा नाही. कापायचं नाही. मारायचं नाही.
दोन काचांमध्ये केसाहून पातळ पाणी,
पाण्यात त्या, जिवंत,
आणि त्यांच्यातून आरपार
डोळ्यांना न दिसणारा, नुसत्या उबेचा उजेड.
जाता जाता प्रथिनं आपला वाटा काढून घेतात,
चरबी आपला,
पलीकडे पोचतो तो उरलासुरला.
आम्ही वाचतो ते काय पोचलं नाही, ते.
वाण्याच्या वहीत उधारीच वाचावी तसं.

डाव्या कप्प्यात फ्लूचा विषाणू सोडला.
उजव्यात नाही.
मध्ये गाळणी: पाणी जाईल, विषाणू जाणार नाही.
उजवीकडच्या पेशी फक्त तुलनेसाठी.
त्यांनी काही करायचं नव्हतं,
नुसतं असायचं होतं.

मध्यरात्रीनंतर डावीकडच्या आलेखात
चरबीची टेकडी हळूहळू वर आली.
झोर्कानं वहीत लिहिलं, हं.
पहाटे चारला
उजवीकडचीही आली.

गाळणी फुटली, ती म्हणाली,
आणि माझ्याकडे बघितलं नाही,
म्हणजे बघितल्यासारखंच.
मीच बसवली होती.
तीनदा बदलली. नव्या पेशी, नवी काच,
टाकीत पुन्हा द्रव नायट्रोजन, पुन्हा ती पांढरी वाफ.
उजवीकडचं पाणी तपासलं:
विषाणू औषधालाही नाही.
टेकडी मात्र तीच. थोडी बुटकी, पण तीच.
ज्यांच्या दारात कोणी आलंच नव्हतं
त्यांनी आतून कडी घातली होती.

बाहेर बोरा सुटला होता,
पत्रा वाजत होता कुठेतरी.
मला आत्या आठवली, नेरीना,
चढणीच्या त्या गल्लीतली,
जिथे वाऱ्यात धरून चालायला भिंतींना दोर बांधलेले असत.
आत्या वाऱ्याकडे कान देत नसे.
ती वरच्या मिलीचांच्या खिडकीकडे कान देई.
त्यांच्या झडपा: ठप.
मग आमच्या: ठप.
मग खाली कोसूतांच्या, मग पावाच्या दुकानाच्या.
वारा पोचेपर्यंत गल्ली मिटलेली असायची.

मी झोर्काला हे सांगितलं.
इंटरफेरॉन, ती म्हणाली.
त्याला नाव असणार, हे मला वाटलंच होतं.
मग कॉफीचा कागदी पेला चुरगाळत म्हणाली,
झडपा जास्त बरं आहे.
पण तसं लिहिता येणार नाही मला.

सकाळपर्यंत डावीकडच्या पेशी
काचेवरून सुटायला लागल्या.
आलेखात टेकड्या खचल्या,
एकीत दुसरी मिसळली, काही वाचता येईना.
ज्यांनी सांगावा धाडला
त्यांना स्वतःसाठी वेळ पुरला नाही, एवढंच म्हणता येईल.
की तेवढंही म्हणता येत नाही?
पेशी सांगते म्हणजे काय करते,
हे उजेडाला ठाऊक नाही. तो फक्त उणं मोजतो.

मिलीचांची झडप दर हिवाळ्यात मोडायची.
वाऱ्याच्या तोंडावरचं पहिलंच घर त्यांचं.
दर वसंतात आत्या सुताराचे निम्मे पैसे
पाकिटात घालून वर पाठवायची.
का, असं विचारलं तर
चमचे पुसायला घ्यायची.

नऊ वाजता पुढची मंडळी येणार होती,
कुठल्याशा चर्चच्या भिंतीचा रंगीत गिलावा घेऊन.
झोर्कानं कोट चढवला. डबा रिकामा होता,
तरी तिनं तो आतच धरला, पोटाशी.
मी काचा धुवायला घेतल्या.
उजवीकडची लगेच निघाली.
डावीकडच्या काचेला
जरा जास्त वेळ लावला मी.
नियमात बसतं तेवढाच.